६ फेब्रुवारी : तारीख एक, प्रश्नही एकच

दिनविशेषाच्या पुस्तकात ६ फेब्रुवारीचं पान उघडून बघा. १९१५ साली या तारखेला उज्जैनजवळच्या बडनगरला कवी प्रदीप जन्मले. १९४५ साली याच तारखेला जमैका बेटावरच्या नाइन माइल या खेड्यात बॉब मार्ले जन्मला. आणि २०२२ साली याच तारखेला, रविवारी सकाळी, मुंबईत लता मंगेशकर गेल्या. एक हिंदी गीतकार, एक रेगे गायक आणि आपल्या लतादीदी. तीन माणसं, तीन वेगळ्या दुनिया, तारीख मात्र एकच!

त्यातून 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गाणं प्रदीप यांनी लिहिलेलं आणि लताबाईंनी गायलेलं. म्हणजे लिहिणारा ज्या तारखेला जन्मला, त्याच तारखेला गाणारी गेली. हा नक्कीच काहीतरी योग असणार, असं आपल्याला लगेच वाटतं.

पण आपण पडलो इंजिनिअरिंगवाले, तेव्हा आधी हिशोब. कोणत्याही २३ जणांमध्ये दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे ५०.७ टक्के असते. पटत नसेल तर प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये विचारून बघा. आता हजार दिवंगत कलावंतांची यादी घ्या. प्रत्येकाची जन्माची एक आणि मृत्यूची एक अशा दोन हजार तारखा झाल्या. त्या ३६५ दिवसांत वाटल्या की सरासरी रोज पाच-साडेपाच घटना येणारच. तेव्हा वर्षातला क्वचितच एखादा दिवस 'विशेष' असल्यावाचून राहतो!

माझी आजी तर तारीख मानतच नाही. ती विचारते, "तिथी कोणती?" लताबाई गेल्या तो दिवस माघ शुद्धातला, वसंत पंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा. १९१५ सालची ६ फेब्रुवारी मात्र वद्य पक्षातली. म्हणजे आजीच्या पंचांगात हा योग जुळतच नाही.

मग दिनविशेष लिहायचाच कशाला? हॉस्टेलच्या फळ्यावर रोज सकाळी तो लिहायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हा प्रश्न मला जरा जास्तच छळतो. मला वाटतं, तारीख ही नुसती खुंटी आहे. तिला काय अडकवायचं ते आपण ठरवायचं. या तीन नावांमागे जरा शोध घेतला तर तिन्हीकडे एकच प्रश्न सापडतो : गाणं नक्की कुणाचं? त्यावर नाव कुणाचं आणि त्याचा पैसा कुणाचा?

लताबाईंपासून सुरू करू. १९४९ साली 'महल' सिनेमा आला. त्यातल्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. हे पडद्यावरच्या पात्राचं नाव! लोकांनी हा आवाज कुणाचा म्हणून विचारणा केली, तेव्हा कुठे रेडिओवरून लताबाईंचं नाव सांगितलं गेलं. फिल्मफेअर पुरस्कारांत सुरुवातीला पार्श्वगायनाला जागाच नव्हती. ती १९५९ साली मिळाली, आणि पहिला मान 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी लताबाईंनाच. पुढे गायकालाही रॉयल्टी मिळावी असा आग्रह त्यांनी धरला. मोहम्मद रफींचं मत वेगळं होतं. त्यांचं म्हणणं, गाण्याचे ठरलेले पैसे मिळाले की आपला हक्क संपला. यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायलेच नाहीत.

गंमत म्हणजे याच लताबाईंनी मराठीत स्वतःचं नाव स्वतःहून लपवलं. 'आनंदघन' या नावाने त्यांनी मराठी सिनेमांना संगीत दिलं. भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' (१९६५) त्यातलाच. त्यातलं ऐरणीचं गाणं माहीत नाही असा माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये स्मिदीच्या तासाला ऐरणीवर पहिला घाव घातला की कुणीतरी ते हमखास गुणगुणतो. पण ते लिहिलं जगदीश खेबुडकरांनी, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता कवी प्रदीप. त्यांचं खरं नाव रामचंद्र द्विवेदी. १९६२च्या चीन युद्धानंतर त्यांनी लिहिलेलं ते गाणं २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियममध्ये पंडित नेहरूंसमोर लताबाईंनी गायलं. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आलं, ही गोष्ट सगळे सांगतात. चाल कुणाची, हे मात्र सांगायचं राहून जातं. ती सी. रामचंद्र यांची, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर यांची. हे आपल्या शेजारच्या, तेव्हाच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. म्हणजे लिहिणारा रामचंद्र, चाल लावणाराही रामचंद्र, आणि लोकांच्या तोंडी दोघांचंही नाव नाही!

या गाण्याची रॉयल्टी युद्धातल्या शहिदांच्या पत्नींसाठीच्या निधीला मिळावी, अशी प्रदीप यांची इच्छा होती. ते डिसेंबर १९९८ मध्ये गेले. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ध्वनिमुद्रिका कंपनीला थकबाकीपोटी १० लाख रुपये या निधीत भरायला सांगितले. गाणं होऊन तोवर ४२ वर्षं उलटली होती. दर २६ जानेवारीला भोंग्यावर वाजणारं गाणं, आणि त्याच्या पैशासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

तिसरा आपला जमैकावाला. बॉब मार्लेचं 'नो वुमन, नो क्राय' १९७४ साली निघालं. गीतकार म्हणून त्यावर नाव आहे व्हिन्सेंट फोर्ड या त्याच्या मित्राचं. फोर्ड किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन या गरीब वस्तीत भुकेल्यांसाठी स्वयंपाकघर चालवायचा. रॉयल्टीतून ते चालू राहावं म्हणून मार्लेने आपलं गाणं मित्राच्या नावावर केलं, असं सांगितलं जातं. पुढे त्यावरून कोर्टकज्जेही झाले. एकूण काय, कागदावरच्या नावाला किंमत असते. त्या नावावर एखादी चूलही पेटू शकते.

आपल्याकडे कायदा जागा झाला २०१२ साली. कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर कुठेही वाजलं तर रॉयल्टीत गीतकार आणि संगीतकाराचा वाटा असतो, आणि तो हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. गायकांच्याही रॉयल्टीची सोय झाली.

हे सगळं आपल्याला काय करायचंय, असं म्हणाल. अहो, चौघांच्या प्रोजेक्टवर नावं चौघांची आणि रात्री जागणारे दोघं, हे दुःख आपल्याला नवीन आहे का? आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला ट्रॅक्टर निघतात, त्यावर मोठ्याने गाणी लावलेली असतात. गाणं कुणाचं म्हणून विचारलं तर उत्तर येतं गायिकेचं, नाहीतर थेट हिरोचं. ऊस तोडणाऱ्याचं नाव साखरेच्या पोत्यावर नसतं, तसंच हे.

म्हणून एक साधी विनंती, विद्यार्थ्यांना आणि सरांनाही. गॅदरिंगमध्ये गाणं जाहीर करताना फक्त सिनेमाचं नाव सांगून थांबू नका. शब्द कुणाचे, चाल कुणाची, मूळ आवाज कुणाचा, ही तीन नावं घ्या. अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. टाळ्या त्यानंतर वाजवू, आणि त्या तिघांनाही पुरतील एवढ्या वाजवू.