थट्टेची रीत

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी ‘थट्टा’ हा विषय आम्ही कळविला, तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी थोड्या काळजीनेच विचारले, “तुम्ही कामगारांत वावरणारे. मजुरी, बोनस, संप हे सोडून हे काय काढलेत?” त्यांची शंका रास्त होती. परंतु ऊसतोडीच्या टोळ्यांत आणि हमालांच्या अड्ड्यांवर तीस वर्षे काढल्यावर आम्हांला एक गोष्ट पटली आहे. एखादी टोळी अडचणीच्या वेळी एकजुटीने उभी राहील की नाही, हे तिच्या वर्गणीच्या वहीवरून कळत नाही. दुपारी भाकरी सोडल्यावर तेथे कोण कोणाची थट्टा करतो आणि ती कशी घेतली जाते, यावरून ते पुष्कळसे कळते. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते अशा भाकरीच्या पंगतीत आणि रात्री कंदिलाशी पुस्तक धरून झाले. तेव्हा आज जे सांगणार आहोत त्यात पुस्तकातले थोडे आणि पंगतीतले अधिक असेल, हे श्रोत्यांनी गृहीत धरावे.

आरंभ वडीगोद्रीपासून करू. अंबड तालुक्यातले, बीडकडून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. रस्त्याकडेच्या एका टपरीवर आमची नेहमीची बैठक असते. तेथे एक गाडीवान येतात. त्यांना सगळे ‘सर्जेराव’ म्हणतात. हे त्यांचे नाव नव्हे. तरुणपणी पहिल्यांदाच बैलगाडी घेऊन ते ऊसतोडीला गेले. कारखान्याच्या काट्यावर कारकुनाने मान वर न करता विचारले, “नाव?” गृहस्थ बिचकले. कोणाचे नाव विचारतात हे न उमजून म्हणाले, “सर्जा अन् राजा.” ती त्यांच्या बैलांची नावे! कारकुनानेही ती जशीच्या तशी पावतीवर उतरविली. पुढे हिशेबाच्या वेळी वहीत असा गाडीवानच सापडेना, आणि त्या खेपेचे पैसे मिळविण्यास आठ दिवस खेटे घालावे लागले.

त्या दिवसापासून टोळीतला कोणी ना कोणी त्यांना रोज विचारी, “काय सर्जेराव, आज वैरण खाल्ली का?” पहिले काही दिवस ते नुसते ओशाळले. मग एका संध्याकाळी त्यांनी उत्तर दिले, “खाल्ली की भाऊ. तुमच्या वाट्याची ठेवली गव्हाणीत.” सारी टोळी हसली. प्रश्न तोच आणि उत्तर तेच, अशी ही थट्टा पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालली आहे. बैलगाडी गेली, ट्रॅक्टर आला, टोळीतली निम्मी माणसे बदलली. वैरण मात्र अजून संपलेली नाही.

आता श्रोते विचारतील की, तोच प्रश्न आणि तेच उत्तर, यात रोज हसण्यासारखे काय? विनोद म्हणून पाहिले तर काहीच नाही. विनोद नवा असावा लागतो. थट्टा जुनी झाली तरी चालते. किंबहुना जुनी झाल्यावरच तिचे काम सुरू होते. “वैरण खाल्ली का?” याचा अर्थ असा की, तू कालही आमचा होतास, आजही आहेस ना? आणि “गव्हाणीत ठेवली” याचा अर्थ, होय, आणि तुम्हीही माझे आहात. पहिल्या दिवशी ती खोडी होती. ज्या संध्याकाळी त्यांनी उलट उत्तर दिले त्या संध्याकाळी ती थट्टा झाली. खोडी एकाची असते. थट्टा दोघांची असते.

आपल्या भाषेने हा विवेक केव्हाच करून ठेवला आहे. गंमत, थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा या शब्दांची ही उतरंड पाहा. गमतीत सगळेच हसतात. थट्टेत ज्याची केली तोही हसतो. टिंगलीत तो हसत नाही, पण बाकीचे हसतात. आणि कुचेष्टेत हसणाऱ्यांनाही मनातून ठाऊक असते की, आपण हसतो आहोत ते बरे नव्हे. एकच वाक्य कोणी, कोणाला, कोठे म्हटले यावरून ते या उतरंडीत वर चढते किंवा खाली घसरते.

नात्यांतही हेच दिसते. सासरा आणि सून यांच्यात थट्टा वर्ज्य. दीर आणि भावजय, मेहुणा आणि मेहुणी, आजोबा आणि नातू यांच्यात मात्र ती केली नाही तर चुकल्यासारखे वाटते. रॅडक्लिफ-ब्राउन या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १९४० साली या ‘थट्टेच्या नात्यां’वर एक निबंध लिहिला. अशा नात्यात एकाला चिडविण्याची मुभा असते आणि दुसऱ्याने राग मानायचा नाही असा दंडक असतो, असे त्याने दाखविले. जेथे जवळीकही आहे आणि खटका उडण्याचा संभवही आहे, तेथे समाज ही तोड काढतो, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. आमच्या घरोघरच्या आज्यांना हे निबंधावाचून ठाऊक होते, ही गोष्ट निराळी.

या मुभेला रीतीची वेसण कशी असते, याचे आमच्या शेजारचेच उदाहरण आहे. बीड जिल्ह्यात केज तालुक्यात विडा नावाचे गाव आहे. तेथे धुळवडीच्या दिवशी गावच्या जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. ही प्रथा आठ-नऊ दशकांची आहे. सण जवळ आला की जावई दडून बसतात आणि गावकरी त्यांच्या मागावर राहतात. सापडलेला जावई पळून जाऊ नये म्हणून त्याच्यावर पहारा बसतो. मग वाजतगाजत, रंग उधळीत त्याला गाढवावरून गावभर फिरवितात. ज्या जावयापुढे एरवी सासुरवाडी हात जोडून उभी असते, त्याचीच ही गत! पण पुढचा भाग महत्त्वाचा आहे. मिरवणूक संपली की त्याच जावयाला नवे कपडे देऊन त्याचा मान केला जातो. शिवाय यंदा हा, पुढच्या खेपेस दुसरा, अशी पाळी फिरत राहते. ठरलेला दिवस, ठरलेली वाट, ठरलेला शेवट, आणि शेवटी मान. एवढे सगळे असते म्हणून गाढवावर बसलेल्याचे काही कमी होत नाही.

ही वेसण सुटली की काय होते, त्याची एक हकीकत अमेरिकेतल्या कारखान्यातली आहे. डोनाल्ड रॉय नावाच्या समाजशास्त्रज्ञाने एका कारखान्यात मजूर म्हणून काम केले आणि त्यावरील त्याचा निबंध १९५९-६० च्या सुमारास प्रसिद्ध झाला. एका बंद खोलीत चार माणसे यंत्रावर तुकडे कापीत दिवसाचे बारा-बारा तास उभी. काम असे कंटाळवाणे की वेड लागावे. तेथे एक कामगार रोज डब्यातून एक केळे आणी, आणि दुसरा ते रोज चोरून, आरोळी ठोकून, खाऊन टाकी. केळेवाला रोज तक्रार करी, पण दुसऱ्या दिवशी केळे आणायला विसरत नसे. अशा लहानसहान ठरीव खोड्यांच्या आधारावर ती माणसे दिवसाचा डोंगर ओलांडीत. आमच्या फडातली वैरण आणि त्यांचे केळे यांचे कूळ एकच.

पण त्याच खोलीत एक दिवस घात झाला. त्यांच्यातल्या एकाची मुलगी महाविद्यालयात शिकविणाऱ्या माणसाच्या मुलाला दिली होती, आणि त्या सोयरिकीचा त्याला मोठा अभिमान होता. कोणीतरी गमतीने उठविले की, तुझा व्याही न्हाव्याच्या शाळेत शिकवितो म्हणे! तो माणूस संतापला. खोलीतले बोलणे थांबले, केळ्याची चोरीही थांबली. कित्येक दिवस ती चार माणसे मुकाट्याने यंत्रे चालवीत राहिली, आणि तेच काम त्यांना दुप्पट जड झाले. पुढे बोलणे पुन्हा सुरू झाले. पण त्या मधल्या दिवसांनी रॉयला जे शिकविले ते आम्हांला फार मोलाचे वाटते. विड्यालाही थट्टा सोयरिकीतलीच आहे. तेथे तिला शेवट ठरलेला आहे आणि मान ठरलेला आहे. येथे ती अकस्मात आली आणि माणसाने ज्या एका गोष्टीवर आपली मान ताठ ठेवली होती तिच्यावरच पडली.

दुसऱ्याचे दाखले देताना स्वत:ची चूक झाकणे बरे नव्हे. आमच्या एका अड्ड्यावर बोलताना अडखळणारा एक हमाल होता. त्याच्या अडखळण्याची नक्कल त्याचे सोबती करीत, तोही त्यांच्या नकला करी. कोणाचे काही बिघडत नसे. एकदा भर सभेत, लोक कंटाळले आहेतसे पाहून, आम्ही व्यासपीठावरून तीच नक्कल केली. शेकडो माणसे खदखदून हसली. दुसऱ्या दिवसापासून तो युनियनमध्ये यायचा बंद झाला. आम्ही त्याच्या घरी गेलो, हात जोडले. तो म्हणाला, “अड्ड्यावरची माणसं माझी होती, साहेब. सभा माझी नव्हती.” त्याने आम्हांला कधी नव्हे ते ‘साहेब’ म्हटले, यातच सर्व काही आले. अड्ड्यावर तो उलट बोलू शकत होता. सभेत ध्वनिक्षेपक आमच्या हाती होता.

हीच कसोटी मुकादमालाही लावावी. ज्याच्याकडून उचल घेतली आहे त्या मुकादमाने मजुराला नाव ठेवले आणि मजूर हसला, तर ती थट्टा झाली असे समजू नये. त्या हसण्यात उचलीचे व्याज असते. फडात बाईला उद्देशून काही बोलले गेले आणि ती खाली मान घालून मोळी बांधीत राहिली, तर ती ‘चालवून घेते’ असे म्हणू नये; तिला दुसरी वाट नाही, एवढेच. जातीवरून ठेवलेल्या नावाला तर थट्टेच्या पंगतीत पाटच नाही. मग ते नाव कितीही जुने असो. ज्याला उलट उत्तर देता येत नाही त्याची थट्टा होत नाही, त्याचा केवळ अपमान होतो.

आमच्या जालना जिल्ह्यातल्या जांब गावी समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनी दासबोधात विनोदाची आवड टवाळांच्या पदरी टाकली आहे. गोदाकाठी वर गेले की पैठण लागते, नाथांचे गाव. नाथांनी तर भारुडांतून गावभरची सोंगे आणली आणि लोकांना हसवीत हसवीत शहाणे केले. दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध आहे असे आम्हांला वाटत नाही. समर्थांचा रोख टवाळावर आहे, जो स्वत: बाजूला बसून दुसऱ्यावर हसतो. नाथांच्या भारुडात मात्र विंचू चावतो तो बोलणाऱ्यालाच. आधी स्वत:ला पुढे करावे आणि मग जगाला हसावे, ही भारुडाची रीत. नक्कल करायच्या दिवशी आम्ही ती विसरलो.

आता पुन्हा वडीगोद्रीस येऊ. २०२३ च्या ऑगस्टअखेर जवळच्याच अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झाले आणि १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला. २०२४ च्या जूनमध्ये ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून खुद्द वडीगोद्रीत उपोषण झाले. दोन्हीकडच्या मागण्यांविषयी आज आम्ही बोलणार नाही. दोन्हीकडे आमचे सभासद आहेत, आणि दोन्हीकडच्या पोरांना काम नाही हे आम्ही जाणतो. आम्ही सांगतो ते फक्त आमच्या टपरीपुरते. त्या दिवसांत तेथे भांडण झाले नाही. झाले ते एवढेच की, माणसे दोन बाकांवर बसू लागली, आणि बोलणे फार नीट, फार सभ्य झाले. जो तो दुसऱ्याला ‘अहो-जाहो’ करू लागला. सर्जेरावांना वैरण कोणी विचारीना. त्यांचा सर्जा बैल मेला होता त्या वेळीही टोळी अशीच काही दिवस गप्प राहिली होती, पण ते सुतक होते, आणि “आज वैरण कोणी विचारली नाही ती?” असे म्हणून त्यांनी स्वत:च ते फेडले होते. ज्याला दु:ख झाले त्यानेच थट्टा पुन्हा सुरू करावी, ही त्यातली रीत. या वेळी मात्र दु:ख दोन्ही बाकांवर होते आणि आरंभ कोणी करावा हे कोणालाच कळत नव्हते. भांडणाच्या आवाजापेक्षा त्या सभ्यतेने आम्ही अधिक घाबरलो.

पावसाळा सरत आला तेव्हा एका सकाळी समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या हमालाने चहाची बशी खाली ठेवली आणि म्हटले, “माझ्या गोठ्यात यंदा काहीच नाही. सर्जेराव, तुमच्याकडं आहे का काही वैरण?” त्याने वैरण खाल्ली का असे विचारले नाही, मागितली. सर्जेराव पुष्कळ वेळ रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “ठेवली आहे गव्हाणीत. या कधीही.”

याने आरक्षणाचा प्रश्न सुटला असे सांगण्याइतके आम्ही भाबडे नाही. तो कागदावर, न्यायालयात आणि विधिमंडळात सुटायचा तेव्हा सुटेल. बाकेही अजून दोनच आहेत. परंतु पुढच्या हंगामात मजुरीचा दर ठरवायला बसताना आम्हांला त्या दोन्ही बाकांवरची माणसे एका सतरंजीवर हवी आहेत, आणि त्या सकाळनंतर आम्ही ती बैठक बोलवायची हिंमत केली. आपल्या गावीही असा एखादा पार, एखादा कट्टा, एखादी गिरणीची पायरी असेल. तेथे कोणती जुनी थट्टा अलीकडे ऐकू येत नाही, एवढे श्रोत्यांनी घरी जाताना आठवून पाहावे. आणि ती पुन्हा काढायचीच झाली, तर पहिला विंचू स्वत:ला चावू द्यावा, एवढीच आमची विनंती.