पदवी अभ्यासक्रमातील संगीत-संशोधन : दरबारीच्या गांधाराचे मापन

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यानुसार, चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षी संशोधनाचा मार्ग पत्करता येतो व त्यासाठी 12 श्रेयांकांचा लघुप्रबंध सादर करावयाचा असतो. विज्ञानशाखेस ही तरतूद फारशी जड जाऊ नये. प्रयोगशाळा तेथे पूर्वीपासून आहे. संगीत, चित्रकला व संज्ञापन या विषयांत मात्र संशोधन म्हणजे नेमके काय, असा प्रश्न उपस्थित होतो. एखाद्या गायकाचे चरित्र, त्याच्या घराण्याची वैशिष्ट्ये आणि शेवटी गौरवपर चार शब्द, एवढ्यावर समाधान मानण्याची सवय जुनी आहे. अशा लेखनास माहितीसंकलन म्हणता येईल. परंतु ज्याचे उत्तर आधी ठाऊक नव्हते, असा प्रश्न त्यात नसतो.

असा प्रश्न अगदी लहानही असू शकतो. दरबारी कानड्याचा गांधार अतिकोमल व आंदोलित असतो, असे प्रत्येक विद्यार्थ्यास शिकविले जाते. तो षड्जापासून किती अंतरावर असतो? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागे शतकाहून जुना वाद उभा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँ यांच्या साहाय्याने स्वरांचे मापन केले व 22 श्रुतींवरील आपला ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध केला. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1913 च्या आपल्या ग्रंथात तोच विचार पुढे नेला. 1916 साली बडोद्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेतही श्रुतींचा प्रश्न गाजला. भातखंडे यांनी मात्र आपली थाटपद्धती 12 स्वरांवरच उभारली.

सप्तकाचे 1200 सेंट कल्पिले, तर 6:5 या प्रमाणाचा कोमल गांधार षड्जापासून सुमारे 316 सेंटवर येतो, आणि 32:27 या प्रमाणाचा सुमारे 294 सेंटवर. दोहोंतील अंतर अवघे 22 सेंट. दरबारीतील आंदोलनाचा झोका अनेकदा याहून पुष्कळ मोठा असतो. मग गांधाराचे स्थान कोणते मानावयाचे? आंदोलनाची सरासरी काढून एक आकडा देणे सोपे. परंतु त्या आकड्यात जे मोजावयाचे होते तेच हरवते. जैरझभॉय व स्टोन यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या मापनातही, एकाच स्वराचे स्थान गायकागणिक, एवढेच नव्हे तर एकाच गायनात पालटते, असे आढळले होते.

आज या कामास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. आम्स्टरडॅम विद्यापीठात बुर्स्मा व वेनिंक यांनी भाषाध्वनींच्या अभ्यासासाठी तयार केलेली ‘प्रात’ ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते व आवाजाची कंपनसंख्या क्षणाक्षणाला आलेखून दाखविते. (संज्ञापनाचा विद्यार्थी याच साधनाने निवेदकाच्या वाणीतील चढउतार मोजू शकतो.) तथापि तंबोरा, तबला व कंठ एकत्र असल्यास प्रणाली फसते, क्वचित् एका सप्तकाचीही चूक करते, म्हणून गायकाचा आवाज शक्यतो स्वतंत्र मुद्रित करावा आणि आलेख कानाने पडताळावा. जुन्या तबकड्यांची अडचण निराळी. त्यांचा फिरण्याचा वेग नेहमी अचूक 78 नसे, म्हणून त्यांवरून गायकाची मूळ पट्टी ठरविणे धोक्याचे असते. परंतु वेग सर्वत्र सारखाच चुकलेला असेल तर स्वरांमधील प्रमाण बिघडत नाही, आणि येथे प्रमाणच हवे आहे.

खरी कसोटी याहून पुढे आहे. दरबारीचा गांधार भीमपलासीच्या गांधाराहून उतरता असतो, असे गुरूने सांगितलेले असते, आणि आलेखात तो तसा दिसेलच अशी खात्री नसते. अशा वेळी अनुकूल तेवढ्याच जागा निवडण्याचा मोह विद्यार्थ्यास होतो, आणि मार्गदर्शकही पुष्कळदा त्याकडे काणाडोळा करतात. वस्तुतः येथेच संशोधनास आरंभ होतो. आवाज आंदोलनाच्या खालच्या टोकाशी, म्हणजे ऋषभाच्या बाजूस, अधिक वेळ रेंगाळत असेल, तर वरचे टोक कितीही उंच असले तरी कानास तो स्वर उतरता वाटणे संभवते. म्हणजे गुरूचे म्हणणे खोटे न ठरता प्रश्नच बदलतो : स्वर कोठे आहे, याऐवजी आवाज कोठे किती काळ थांबतो, हे मोजावे लागते. त्यासाठी आलापातील प्रत्येक गांधार मोजणीत घेणे भाग आहे. तंबोऱ्याचा षड्ज कोठून घेतला, कोणत्या जागा अस्पष्टतेमुळे वगळल्या व त्या किती होत्या, याची नोंद लघुप्रबंधाच्या परिशिष्टात दिल्यास दुसऱ्या विद्यार्थ्यास तेच ध्वनिमुद्रण घेऊन मोजणी पुन्हा करून पाहता येते.