नंबर लागेपर्यंतचं आयुष्य

दर महिन्याच्या मध्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं एक तक्ता जाहीर करतं. त्याचं नाव ‘व्हिसा बुलेटिन’. त्यात उभ्या-आडव्या रकान्यांत नुसत्या तारखा असतात. पण पुणे, ठाणे, नाशिक, सांगली अशा गावांतल्या कितीतरी घरांत तो तक्ता पंचांगासारखा पाहिला जातो. भावाने किंवा बहिणीने अमेरिकेतून ‘फाइल लावलेली’ असते. त्या अर्जाची तारीख घरातल्या प्रत्येकाला जन्मतारखेइतकी पाठ असते. आपली तारीख आणि तक्त्यातली तारीख यांत किती अंतर उरलं, हे दर महिन्याला मोजायचं, चार-सहा आठवडे पुढे सरकली तर समाधान मानायचं आणि जागची हललीच नाही तर पुढच्या महिन्याची वाट बघायची.

२०२५ चं अख्खं वर्ष भारतातल्या भावंडांच्या रांगेची तारीख २००६ सालातच रेंगाळत होती. म्हणजे २००६ मध्ये पस्तिशीत असलेला, कडेवर पाच वर्षांचा मुलगा असलेला माणूस मुलाखतीला बोलावला गेला तेव्हा पन्नाशी ओलांडून गेला होता आणि मुलगा चोविसाच्या घरात होता. या एकोणीस वर्षांत दहावी-बारावी झाल्या, नोकऱ्या बदलल्या, आई-वडील गेले, गुडघे दुखायला लागले. व्हिसाची वाट पाहणं म्हटलं की विमानतळावरच्या बाकावर बसल्यासारखा थोडा रिकामा वेळ डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र वाट पाहण्याच्या काळाला आयुष्याचा मधला सगळा भाग म्हणावं लागतं.

रांग इतकी लांबली कशी, याचं उत्तर साध्या गणितात आहे. १९४६ च्या कायद्याने भारतातून वर्षाला अवघ्या शंभर जणांना अमेरिकेत स्थायिक होण्याची मुभा होती. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि देशांनुसार ठरवलेले ते जुने वाटे संपले. पाठोपाठ डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक गेले. मराठी मंडळींची तिथली पहिली मोठी पिढीही त्यातलीच. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये उभं राहिलं ते याच लोकांच्या बळावर. नागरिकत्व मिळालं की त्यांना सख्ख्या भावा-बहिणींसाठी अर्ज करता येत होते, आणि त्यांनी ते केले. त्यामागे माया होती, आणि आपण एकटेच इथे आलो याची टोचणीही.

कायद्यात या भावंडांच्या गटाचं नाव एफ-४. सगळ्या जगासाठी मिळून त्यात वर्षाला ६५,००० व्हिसा असतात. कुठल्याही एका देशाला कुटुंब आणि नोकरी या दोन्ही प्रकारच्या मर्यादित व्हिसांपैकी ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. शिवाय हे आकडे माणसांचे आहेत. भाऊ, वहिनी आणि दोन मुलं जाणार असतील तर चार व्हिसा खर्ची पडतात. अर्ज मात्र कितीही येऊ शकतात, त्यांना मर्यादा नाही. दरवर्षी बाहेर पडणाऱ्यांपेक्षा आत शिरणारे जास्त, म्हणून रांग वाढतच जाते. तारीखही सरळ रेषेत चालत नाही. अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं तेव्हा ती कधी भराभर पुढे जाते, आणि वर्षाचा कोटा संपत आला की थांबते, प्रसंगी मागेही येते.

माणसाला खरं जड जातं ते हे बेभरवशाचं चालणं. नक्की वीस वर्षं लागणार असं कुणी लिहून दिलं असतं तर लोकांनी वीस वर्षांचा बेत आखला असता. ‘अजून चार-पाच वर्षं लागतील’ हे वाक्य मात्र दर चार-पाच वर्षांनी नव्याने बोललं जातं. मग मोठा फ्लॅट घ्यायचा राहतो. बदली स्वीकारायची की नाही, यावर घरात वाद होतात. मुलीला इथल्या कॉलेजात घालायचं की थोडं थांबायचं, असा प्रश्न निघतो. कुणी दुकान वाढवत नाही, कुणी शेताच्या वाटणीचा विषय पुढे ढकलतो.

जर्मनीला निघालेल्यांकडे पाहिलं की हा फरक चटकन कळतो. २००७ पासून जर्मनीत नवरा किंवा बायकोकडे कायम राहायला जाणाऱ्याला सर्वसाधारणपणे आधी ए-१ पातळीची जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. जोडीदाराकडे ‘ब्लू कार्ड’ असेल तर यातून सूट आहे. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात किंवा गल्लोगल्लीच्या क्लासांत लग्नानंतर जर्मन शिकायला बसलेल्या नव्या नवऱ्या दिसतात त्या यामुळे. नर्सिंगच्या मुला-मुलींना बी-१, बी-२ पर्यंत मजल मारावी लागते. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला तेव्हाही पहिलं काम भाषा शिकवण्याचं होतं. तिथेही थांबावं लागतं, कागद अडकतात, निराशा येते. पण पुढची पायरी कोणती, हे माहीत असतं आणि ती चढणं आपल्या हातात असतं. संध्याकाळचे दोन तास क्रियापदं घोकण्यात जातात, आणि ते शिकणं वाया जात नाही.

भावंडांच्या रांगेत अशी पायरी कुणी आखून दिलेली नाही. ती ज्याची त्याने शोधायची. ज्यांनी शोधली त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

पहिलं काम कागदांचं. ऐकायला कंटाळवाणं, पण महाराष्ट्रातल्या घरांना ते वर्षानुवर्षं पुरतं. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा, आणि बहुतेक राज्यांत तो १९७० मध्ये लागू झाला. त्याआधी खेड्यात जन्मलेल्या अनेकांची नोंदच नाही. असली तर त्यात नावाच्या जागी नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ लिहिलेलं. मग नोंद सापडत नसल्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करायची. त्यासाठी ते वडीलधारे हयात असायला हवेत. म्हणून आत्या किंवा मोठ्या काकांची सही तब्येत बरी असतानाच घेऊन ठेवणारी माणसं खरी दूरदृष्टीची.

लग्नाचंही तेच. महाराष्ट्राचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा. त्याआधी मंगल कार्यालयात थाटाने लग्न झालेल्या कितीतरी जोडप्यांकडे लग्नाचा सरकारी कागद नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारानंतर ही मंडळी जुनी पत्रिका, पिवळा पडलेला फोटो आणि साक्षीदार घेऊन वॉर्ड ऑफिसात नोंदणीला जातात.

सगळ्यात जास्त पायपीट बायकांना पडते. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि लग्नात पहिलं नावही बदललेलं असेल तर तिसरंच. बहिणीला बोलावणाऱ्या भावाला आपण एकाच आई-वडिलांची लेकरं आहोत हे कागदांवर सिद्ध करावं लागतं, आणि नेमकं तेच या बदललेल्या नावांमुळे अवघड होतं. मग राजपत्रात नावबदल छापून आणायचा, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायचं. कोकणातले जे लोक तरुणपणी आखातात नोकरीला होते त्यांना आणखी एक काम पडतं. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर किंवा जास्त राहिलं असेल तर तिथल्या पोलिसांचाही दाखला लागतो. वीस वर्षांपूर्वी सोडलेल्या देशातून तो मिळवणं म्हणजे कसोटी.

दुसरं काम पोटापाण्याच्या तयारीचं, आणि ते फार थोडे लोक करतात. इथला वकील, डॉक्टर, औषध दुकानदार तिथे उतरला की दुसऱ्या दिवसापासून तोच व्यवसाय करू शकत नाही. डॉक्टरला परीक्षा देऊन पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते. २००३ नंतर चार वर्षांचं बी.फार्म. झालेल्याला तिथल्या फार्मासिस्टच्या पात्रता परीक्षेलाच बसता येत नाही, कारण तिथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम धरला जातो. वयाचा हिशेबही आहे. तिथलं सरकारी निवृत्तिवेतन मिळायला चाळीस तिमाहींचं, म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम लागतं, आणि भारताशी अमेरिकेचा सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने इथे भरलेल्या प्रॉव्हिडंट फंडाची वर्षं त्यात मोजली जात नाहीत. पंचावन्नाव्या वर्षी जाणाऱ्याने हे आधी समजून घेतलं तर बरं. हिशेबाचं काम, रुग्णांची शुश्रूषा, स्वयंपाक, शिवणकाम, गाडी चालवणं यांपैकी एखादी गोष्ट या काळात हातात पक्की बसवलेल्या माणसाचे तिथले पहिले महिने सोपे जातात. आणि नंबर लागलाच नाही तरी ती इथे उपयोगी पडते.

या काळात एक दुःख फार बोललं जात नाही. भाचीचं लग्न आहे म्हणून चार आठवडे अमेरिकेला जाऊन यावं, असं वाटतं. पण पर्यटक व्हिसाच्या अर्जात स्पष्ट प्रश्न असतो: तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का? खरं उत्तर ‘हो’ असतं. मग परत येण्याचा इरादा पटवून द्यायची सगळी जबाबदारी अर्जदारावर येते आणि पुष्कळांना नकार मिळतो. भावाजवळ राहता यावं म्हणून लावलेल्या फाइलमुळे भावाला भेटणंच अवघड व्हावं, याच्याइतकी अन्यायाची गोष्ट या सगळ्या व्यवस्थेत दुसरी नसेल.

दोन नियम मात्र प्रत्येक घराने भिंतीवर लावून ठेवावेत असे आहेत. तारीख आल्याची सूचना मिळाल्यावर वर्षभरात हालचाल केली नाही तर नोंदणीच रद्द होऊ शकते. मधल्या काळात घर बदललेलं असतं, जुना ईमेल बंद पडलेला असतो, आणि सूचना जिथे जायची तिथे जाऊन पडते. तेव्हा नवा पत्ता अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला वेळोवेळी कळवायला हवा. दुसरा नियम जास्त कठोर आहे. अर्ज करणारा भाऊ किंवा बहीण मधेच वारली तर अर्ज तिथेच संपतो. माणुसकीच्या कारणावरून तो पुन्हा जिवंत करण्याची विनंती करता येते, पण त्यासाठी अमेरिकेतल्या दुसऱ्या जवळच्या नातेवाइकाने आर्थिक हमी घ्यावी लागते आणि निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतो. भाऊ सत्तरीत, बहीण पासष्टीत आणि तारीख अजून वर्षभर दूर, अशी घरं आहेत. तिथे व्हिसापेक्षा भावाच्या तब्येतीचीच काळजी मोठी असते.

आणि मुलं. एकवीस वर्षं पूर्ण झाली की मूल कायद्याने मूल उरत नाही आणि आई-वडिलांच्या फाइलमधून गळतं. एल साल्वादोरच्या रोझालिना क्वेयार दे ओसोरिओ यांच्या अमेरिकन नागरिक आईने लेकीसाठी १९९८ मध्ये अर्ज केला, तेव्हा रोझालिना यांचा मुलगा १३ वर्षांचा होता. २००५ च्या नोव्हेंबरात नंबर लागला, आणि मुलाला एकविसावं संपून काही महिने झाले होते. त्यांचा लढा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल त्यांच्या विरोधात लागला.

थोडा दिलासा २००२ च्या एका कायद्याने दिला आहे. अर्ज मंजुरीसाठी सरकारी टेबलावर जितके दिवस पडून होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. अर्जाला मंजुरी मिळायला चार वर्षं लागली असतील तर चोवीस वर्षांचा मुलगा कायद्याच्या लेखी विशीचा. मात्र तो अविवाहित असला पाहिजे आणि नंबर आल्यापासून वर्षाच्या आत त्याच्यासाठी पाऊल उचललं पाहिजे. हे गणित माहीत नसल्याने ‘मुलगा मोठा झाला, त्याचं होणार नाही’ असं धरून बसणारे पालक आहेत. दाखल झाल्याची आणि मंजुरीची तारीख दोन्ही शोधून वजाबाकी करून पाहावी.

पूर्वी मुंबईची मुलाखत म्हणजे ब्रीच कँडीच्या रस्त्यावरची रांग होती. वांकानेरच्या राजघराण्याच्या जुन्या वास्तूत, लिंकन हाउसमध्ये, अमेरिकेची वकिलात होती आणि लोक उन्हा-पावसात बाहेर उभे राहत. २०११ च्या नोव्हेंबरात ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. आता वैद्यकीय तपासणी आणि पोलीस दाखला हाती घेऊन कुटुंबं तिथे पोहोचतात. व्हिसा मिळाला की साधारणपणे सहा महिन्यांच्या आत निघायचं असतं. तेवढ्यात नोकरीचा राजीनामा, घराची व्यवस्था आणि इथे राहणाऱ्या आईची सोय करायची. हे ज्यांना जमत नाही ते एकदा जाऊन ग्रीन कार्ड घेतात, तिथे असतानाच परतीच्या परवान्याचा अर्ज करतात आणि दोन वर्षांपर्यंतची सवड मिळवून इथली कामं उरकायला परत येतात.

मोठा मुलगा वयाच्या त्या वजाबाकीतही बसला नाही तर तो इथेच राहतो. आई-वडील ग्रीन कार्डधारक झाले की त्याच्यासाठी वेगळ्या गटात नवा अर्ज करू शकतात. त्या रांगेची तारीख २०२५ मध्ये २०१६ च्या आसपास होती. म्हणजे आणखी नऊ-दहा वर्षं, आणि त्या गटाची अट अशी की आई-वडील नागरिक होण्याआधी मुलाने लग्न केलं तर अर्ज रद्द. चोवीस-पंचविशीतल्या मुलाला आणि त्याच्यासाठी स्थळं पाहणाऱ्या घराला ही अट फाइल लावण्याआधीच समजावून सांगायला हवी. मग लग्न करायचं की रांगेत उभं राहायचं, हे त्याने स्वतः ठरवावं.