हिरड्यांची खबर लाळेकडून

जयपूरच्या दक्षिणेस असलेल्या चाकसू येथे, शील की डूंगरीवरील शीतलामातेच्या चैत्रातील यात्रेत, मी दंतवैद्य असल्याचे कळताच एका वयोवृद्ध गृहस्थांनी हलणारा दात दाखवून, ‘दुखले तर कधीच नाही’ अशी कैफियत मांडली.

हिरड्यांच्या या व्याधीची खोड हीच, की घासताना रक्त येते, त्याकडे दुर्लक्ष होते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजेपर्यंत बहुधा वेदना अशी होतच नाही.

हिरडीत दाह वाढला की श्वेतपेशी ‘एमएमपी-८’ नावाचे विकर सोडतात. ते हिरडीतील कोलाजेन तंतूंचा विध्वंस करते, आणि त्याचा अंश लाळेत उतरतो.

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या टिमो सोर्सा यांच्या संशोधनातून आकारास आलेल्या चाचणीत रुग्णाने शुद्ध पाण्याने भरलेल्या चुळीचे काही थेंब पट्टीवर टाकले असता, सुमारे ५ मिनिटांत हे सक्रिय विकर मर्यादेबाहेर आहे काय, याची खबर मिळते.

मात्र कोणता दात बाधित, हे पट्टी सांगत नाही. त्यासाठी हिरडी व दात यांमधील फटीची खोली मोजावीच लागते. ३ मिलिमीटरपर्यंत ती सामान्य, ४ वा अधिक असल्यास चौकशी आवश्यक.

मधुमेही व धूम्रपान करणाऱ्यांनी विशेष सावध असावे; धूम्रपानामुळे रक्तस्राव कमी दिसून रोग झाकला जातो.

कोणतीही चाचणी हाताशी नसली, तरी रक्त दिसताच दंतवैद्याकडे जावे.