रेषा आणि कोन : वावरातली भूमिती



'भूमिती' हा शब्द फोडून पाहा. भू म्हणजे जमीन आणि मिती म्हणजे मोजमाप. म्हणजे हा विषय कंपासपेटीतून निघालेला नाही, वावरातून निघालेला आहे. म्हणून आपणही तो वावरातच शिकू.

आधी रेषा. पुस्तकात लिहिले आहे की रेषा दोन्ही बाजूंना न संपणारी असते. तशी रेषा कोणी पाहिलेली नाही, ती मनातच धरायची. आपण फळ्यावर काढतो तो तिचा तुकडा, म्हणजे रेषाखंड. आपला धुरासुद्धा रेषाखंडच. एका दगडापासून निघाला, दुसऱ्या दगडापाशी संपला. टॉर्चचा उजेड एका ठिकाणाहून निघतो आणि पुढे जातच राहतो, त्याला किरण म्हणतात.

दोन बिंदूंतून सरळ रेषा एकच जाते, हा नियम गवंडीकाका रोज वापरतात. दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणून बांधली, झाली रेषा. दोरी ढिली राहिली की भिंत पोट काढते. धुऱ्याचेही तसेच आहे. दोन्ही टोकांचे दगड शाबूत असतील तर मधला धुरा कितीही वाकडा झाला तरी दोरी ताणून सरळ करता येतो. दगडच हलला तर मात्र भांडण. म्हणून हद्दीचा दगड कोणी हलवायचा नसतो.

आता समांतर रेषा. तिफणीला तीन फण असतात आणि त्यांच्यातले अंतर पक्के असते. त्यामुळे तिफण चालली की तीन ओळी बरोबर सारख्या अंतराने पडतात, एकमेकींना कुठेच भेटत नाहीत. ह्याच समांतर. त्या समांतर नसत्या तर डवरणीच्या वेळी डवरा पिकावरून गेला असता. कपाशी चौफुलीवर लावली तर समांतर ओळींचे दोन संच एकमेकांना काटकोनात छेदतात आणि डवरा उभा-आडवा दोन्हीकडून चालतो. (उताराला आडवी पेरणी केली तर ओळी वळतात. त्यांना सरळ रेषा म्हणता येणार नाही, पण अंतर सारखेच राहते, आणि पावसाचे पाणी वावरात मुरते. तिथे सरळपणाचा हट्ट नको.)

दोन किरण एकाच बिंदूतून निघाले की कोन होतो. इथे पुष्कळ मुले फसतात. त्यांना वाटते की कोनाच्या बाजू लांब काढल्या म्हणजे कोन मोठा झाला. तसे नाही बरं का! बंडीचे चाक पाहा. चाकाला बारा आरे असतील तर शेजारच्या दोन आऱ्यांमध्ये ३६० भागिले १२, म्हणजे ३० अंशांचा कोन असतो. चाक लहान घ्या की मोठे घ्या, कोन तीसच. कोन म्हणजे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत किती फिरलो, त्याचे माप. ९० अंशांचा तो काटकोन, त्याहून कमी तो लघुकोन, जास्त तो विशालकोन, आणि १८० झाले की सरळकोन, म्हणजे पुन्हा सरळ रेघच. हे सर्वांना पाठ आहे, म्हणून पुढे जाऊ.

आता खरी गंमत, आणि ही आईबाबांनी मुद्दाम वाचावी. घरातली बाज ढिली झाली की काय होते? एका बाजूला कलते. चारही लाकडे तेवढीच असतात, एक इंचही कमी होत नाही, पण झोपायची जागा मात्र कमी होते. का बरे? कारण बाजू बदलल्या नाहीत, कोन बदलले.

जमिनीचेही असेच होते. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. समजा एक वावर ३३० फूट लांब आणि १३२ फूट रुंद आहे. चारही कोपरे काटकोनात असतील तर ३३० गुणिले १३२ बरोबर ४३,५६० चौरस फूट. पुरा एक एकर. आता दुसरे वावर घ्या. त्याच्याही बाजू ३३० आणि १३२ फूटच आहेत, पण ते कललेल्या बाजेसारखे आहे. दोन कोपरे ६० अंशांचे आणि दोन १२० अंशांचे. त्याची खरी रुंदी १३२ नव्हे. रुंदी म्हणजे समोरासमोरच्या दोन धुऱ्यांमधले सरळ, लंब अंतर. ते इथे सुमारे ११४ फूट भरते. ३३० गुणिले ११४ केले तर ३७,६२० चौरस फूट येतात. त्याला १०८९ ने भागा. साडेचौतीस गुंठे! बाजू त्याच, आणि साडेपाच गुंठे गायब. धुऱ्यावरून पावले टाकून चार बाजू मोजल्या आणि वाटणी केली, तर एका भावाच्या वाट्याला एवढी जमीन कमी येऊ शकते. कोणी लबाडी केलेली नसते, तरी मने मात्र दुखावतात.

मग कोनमापक घेऊन वावरात जायचे काय? गरज नाही. चार काड्या टोकांना टाचणीने जोडा. चौकोन हाताने हलतो, कलतो. आता तीन काड्या जोडा. हा त्रिकोण काही केल्या हलत नाही. तीन बाजू ठरल्या की त्याचे कोन आपोआप ठरतात. म्हणूनच घराच्या छपराची कैची त्रिकोणाची असते. वावराच्या चार बाजूंबरोबर एक कर्णही मोजला, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरला, की वावराचे दोन त्रिकोण होतात आणि मग आकार बदलायला जागाच राहत नाही. दोन्ही कर्ण मोजले तर आणखी सोपे. वरच्या पहिल्या वावरात दोन्ही कर्ण सारखे, सुमारे ३५५ फूट येतील. कललेल्या वावरात एक ४१२ फूट आणि दुसरा २८८ फूट. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून कर्ण सारखे नसले, तर समजावे की कोपरे काटकोनात नाहीत. घराचा पाया आखताना गवंडी हेच पाहतात.

काटकोन नव्याने आखायचा असेल तर त्यालाही जुनी युक्ती आहे. आमच्या वर्गाने ती शाळेच्या आवारात करून पाहिली. सुतळीला सारख्या अंतरावर खुणा करून बारा भाग पाडले आणि टोके बांधून गोल केली. एक खुंटी ठोकली, तीन भाग मोजून दुसरी, पुढे चार भाग मोजून तिसरी. उरलेले पाच भाग पहिल्या खुंटीपर्यंत बरोबर ताणून बसले. तीन आणि चारच्या मधल्या कोपऱ्यात गुण्या ठेवला तर तंतोतंत बसला! कारण ३ चा वर्ग ९, ४ चा वर्ग १६, दोन्ही मिळून २५, आणि तोच ५ चा वर्ग. आपल्या देशात हे फार पूर्वीपासून माहीत आहे. यज्ञाच्या वेदी आखण्याचे नियम ज्या जुन्या ग्रंथांत आहेत त्यांचे नावच शुल्बसूत्रे, आणि शुल्ब म्हणजे दोरी. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'तही काटकोन त्रिकोणाची पुष्कळ गणिते आहेत.

सरकारी मोजणीतही काटकोनच उपयोगी पडत असे. पूर्वी मोजणीदार ३३ फुटांची साखळी आणि शंकू घेऊन येत. साखळीचे सोळा भाग असत, त्यांना आणे म्हणत. शंकू म्हणजे काठीवर बसवलेला ठोकळा, त्याला काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचा. एका खाचेतून साखळीची रेषा पाहायची, दुसरीतून वावराचा कोपरा, म्हणजे लंब मिळतो. आता भूमी अभिलेख कार्यालयाचे लोक इलेक्ट्रॉनिक यंत्रे आणि उपग्रहावर चालणारे रोव्हर आणतात, आणि सातबारावर गुंठ्याऐवजी हेक्टर-आर लिहिलेले असते. यंत्र बदलले, तरी आत हिशेब रेषांचा आणि कोनांचाच चालतो.

कोनांनी केवढे काम होते ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच पाहा. वर्धा नदीपलीकडे हिंगणघाट आहे. तिथे विल्यम लॅम्टन नावाच्या इंग्रज मोजणी अधिकाऱ्याची कबर आहे. त्याने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची एक रेषा साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजली. पुढे साखळी क्वचितच वापरली. रेषेच्या दोन टोकांवरून दूरची टेकडी पाहायची, दोन्ही कोन मोजायचे, की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. कोन मोजायचे त्याचे यंत्र, थिओडोलाइट, सुमारे अर्ध्या टनाचे होते! त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते, त्यावरून चूक लगेच पकडता येई. (पृथ्वी गोल असल्यामुळे फार मोठ्या त्रिकोणात ती किंचित जास्त येते. तोही हिशेब ते धरत.) ही त्रिकोणांची माळ ७८ रेखांशाच्या आसपास दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. आपले यवतमाळ शहर या रेखांशाच्या अगदी जवळ आहे. हैदराबादहून नागपूरकडे जाताना लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याचा सहायक जॉर्ज एव्हरेस्ट याने काम हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. पुढे त्याच मोजणीवरून, डोंगरावर पाऊलही न ठेवता, दुरून घेतलेल्या कोनांनी जगातले सर्वांत उंच शिखर सापडले. त्याच्या गणिताचे श्रेय राधानाथ सिकदार यांना दिले जाते. १८५६ साली त्याची उंची २९,००२ फूट जाहीर झाली. २०२० साली आधुनिक यंत्रांनी ती ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट ठरली. फरक फक्त तीस फुटांचा!

बेरीज १८० च का, हे पाहायला कागदाचा कोणताही त्रिकोण कापा, त्याचे तिन्ही कोपरे फाडून टोकाला टोक लावून शेजारी शेजारी ठेवा. खालची कड सरळ रेघ होते, म्हणजे सरळकोन. त्रिकोण कसाही वेडावाकडा कापा, रेघ सरळच येईल.

बारा भागांची सुतळी आणि तीन खुंट्या आमच्या वर्गाच्या कपाटात ठेवल्या आहेत. कोणाला अंगणात ओटा किंवा गोठा आखायचा असेल तर गुरुजींना सांगून न्यावी, आणि सुतळी ओली करू नये. ओली झाली की तिची लांबी बदलते आणि काटकोन चुकतो.