विश्लेषण : टॅबलेट लॅपटॉपची जागा घेऊ शकतो का? खरेदीआधी काय तपासाल?

विंडोज १०चा नियमित पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरोघरी असलेल्या अनेक जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे नवा लॅपटॉप घ्यायचा, की त्यापेक्षा कमी पैशांत कीबोर्ड लावलेला टॅबलेट, हा प्रश्न अनेकांपुढे आहे. टॅबलेट हलका असतो, बॅटरीही बराच वेळ टिकते. मात्र पैसे मोजल्यावर ‘आपले काम यात होतच नाही’ असे लक्षात आले, तर खर्च दोनदा होतो.

टॅबलेट आणि लॅपटॉपमध्ये मूळ फरक कोणता?

फरक आकाराचा कमी आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा जास्त आहे. अँड्रॉइड टॅबलेटवर फोनचीच अ‍ॅप चालतात. विंडोजसाठी बनवलेले सॉफ्टवेअर त्यावर थेट बसत नाही. रॅम कितीही असली तरी यात बदल होत नाही. स्टीव्ह जॉब्स यांनी जानेवारी २०१०मध्ये आयपॅड सादर केला, तोच मुळी फोन आणि लॅपटॉप यांच्या मधले उपकरण म्हणून. पुढे २०१९मध्ये आयपॅडला स्वतंत्र ऑपरेटिंग सिस्टीम मिळाली, २०२०मध्ये माउस आणि ट्रॅकपॅडची नीट सोय झाली आणि २०२५च्या आयपॅडओएस २६मध्ये लॅपटॉपसारख्या खिडक्यांची सोय आणखी सुधारली. अंतर कमी झाले, पण मॅकचे सॉफ्टवेअर आयपॅडवर आजही चालत नाही.

कोणती कामे टॅबलेटवर सहज होतात?

ऑनलाइन वर्ग, पीडीएफ वाचन, व्हिडीओ कॉल, ई-मेल, बँकेचे व्यवहार, साधे पत्र किंवा तक्ता तयार करणे, ही कामे टॅबलेटवर आरामात होतात. पेनाने नोट्स काढणे, आकृती काढणे, उत्तरपत्रिकेच्या पीडीएफवर खुणा करणे यांत तर साध्या लॅपटॉपपेक्षा टॅबलेटच सरस ठरतो. शाळकरी मुले, स्पर्धा परीक्षांचे वाचन करणारे विद्यार्थी आणि घरातले ज्येष्ठ यांची गरज बहुतेक वेळा एवढ्यावर भागते.

मग अडते कुठे?

काम सुरू करताना सहसा अडत नाही. अडते ते शेवटच्या टप्प्यावर. ऑफिसातून आलेली एक्सेल फाइल उघडते, पण त्यातले मॅक्रो अँड्रॉइड किंवा आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये चालत नाहीत. सरकारी निविदा भरताना लागणारा डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन सहसा संगणक गृहीत धरूनच बनवलेला असतो. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी आहे. काही संकेतस्थळांवरचे मोठे अर्ज मोबाइल ब्राउझरमध्ये नीट दिसत नाहीत; तिथे ‘डेस्कटॉप साइट’ हा पर्याय कधी कामी येतो, कधी नाही. टॅबलेटवरून दुसऱ्या संगणकाशी जोडून ही कामे करता येतात, पण त्यासाठी तो संगणक कुठेतरी चालू असावा लागतोच.

इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांनी टॅबलेट घ्यावा का?

एकमेव उपकरण म्हणून नको. पहिल्या वर्षी प्रोग्रॅमिंगचे छोटे सराव ब्राउझरमध्ये होतील. पण पुढे सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालते. ऑटोकॅड आणि मॅटलॅबची मोबाइल अ‍ॅप आहेत, मात्र त्यांत संगणकावरच्या आवृत्तीइतक्या सोयी नाहीत. आयफोनचे अ‍ॅप बनवायचे एक्सकोड हे सॉफ्टवेअर तर खुद्द आयपॅडवर नाही, त्याला मॅक लागतो.

मराठी टायपिंगचे काय?

बोलून टाइप करणे किंवा युनिकोडमध्ये मजकूर लिहिणे टॅबलेटवर सोपे आहे. मात्र कृतिदेव किंवा श्रीलिपीतील जुन्या फाइल, डीटीपी आणि पेजमेकिंगच्या कामांना संगणकच हवा. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही टायपिंग परीक्षा संगणकावर होते. लिपिक-टंकलेखक पदासाठी तयारी करणाऱ्यांनी सरावही पूर्ण आकाराच्या कीबोर्डवरच करावा.

टॅबलेट खरोखर स्वस्त पडतो का?

जाहिरातीतली किंमत बऱ्याचदा नुसत्या टॅबलेटची असते. कीबोर्ड, कव्हर आणि पेन यांचे पैसे मिळवूनच लॅपटॉपशी तुलना करा. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड-एक्सेल अ‍ॅपमध्ये १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनवर साधे संपादन मोफत आहे; त्याहून मोठ्या स्क्रीनवर मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी भरावी लागते. ११ इंची टॅबलेट घेणाऱ्यांच्या हे नंतर लक्षात येते. गुगल डॉक्स आणि शीट्सला हे बंधन नाही. टॅबलेटची रॅम नंतर वाढवता येत नाही, आणि अनेक स्वस्त टॅबलेटच्या टाइप-सी पोर्टमधून मॉनिटर किंवा प्रोजेक्टर जोडता येत नाही.

विंडोज टॅबलेट हा मधला मार्ग आहे का?

सरफेस प्रोसारख्या टॅबलेटवर पूर्ण विंडोज चालते, त्यामुळे वरच्या बहुतेक अडचणी सुटतात. पण किंमत लॅपटॉपच्या घरात जाते. स्नॅपड्रॅगन प्रोसेसर असलेले मॉडेल घेताना तुमचा प्रिंटर, टोकन आणि सॉफ्टवेअर त्यावर चालते का, हे आधी विचारा.

खरेदीआधी घरच्या घरी चाचणी कशी कराल?

त्याची सोय तुमच्या हातातच आहे. अँड्रॉइड टॅबलेट आणि अँड्रॉइड फोन एकाच कुळातले. त्यामुळे फोनला ब्लूटूथ किंवा ओटीजीने कीबोर्ड-माउस जोडा आणि एक आठवडा लॅपटॉप बंद ठेवा. स्क्रीन लहान पडली, तर ती अडचण टॅबलेट दूर करेल. पण एखादे कामच झाले नाही, तर ते टॅबलेटवरही बहुधा होणार नाही. अशा प्रत्येक कामाची नोंद ठेवा.

आठवड्यानंतर यादी रिकामी असेल, तर टॅबलेट निर्धास्त घ्या. महिन्यातून एखादेच काम अडत असेल, तर ते ऑफिसच्या संगणकावर किंवा सायबर कॅफेत उरकता येईल. मात्र गोपनीय कागदपत्रे आणि पासवर्ड लागणारे काम कॅफेत टाळा. दर दोन दिवसांनी अडत असेल, तर लॅपटॉपच घ्या. आणि ते अडणारे काम तुमच्या पोटापाण्याचे किंवा परीक्षेचे असेल, तर यादीत ते एकटे असले तरी लॅपटॉपच घ्या.