राखेवरून वय

विजयदुर्गच्या किल्ल्यात काही बांधीव कट्टे आहेत. गावात त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी असलेला हा किल्ला 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच मोडायचा, म्हणून आम्ही रत्नागिरीकर अजूनही त्याच्यावर थोडा हक्क सांगतो. कट्ट्यांची गोष्ट ठरलेली आहे. 18 ऑगस्ट 1868च्या खग्रास ग्रहणात लॉकियर नावाच्या साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधला. त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो.

गोष्ट गोड आहे, पण तिच्यात तीस वर्षांची गफलत आहे. 1868च्या ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर इंग्लंडात होता. इकडे निरीक्षणं करणारे दुसरेच होते. फ्रान्सचा जान्सेन गुंटूरला होता, लेफ्टनंट हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत. सूर्याच्या ज्वालांच्या वर्णपटात एक ठळक पिवळी रेषा दिसली, ती बऱ्याच जणांनी सोडियमची समजून सोडून दिली. लॉकियरने 20 ऑक्टोबरला लंडनमध्ये, ग्रहण नसताना, तीच रेषा पकडली. ती सोडियमच्या जागेवर नव्हती, पृथ्वीवरच्या कुठल्याच पदार्थाशी तिचा मेळ बसेना. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात पदार्थाचं नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर तो हाती लागायला 1895 उजाडलं, तेही विल्यम रॅमसेच्या हाती.

लॉकियर विजयदुर्गला आला तो 22 जानेवारी 1898च्या ग्रहणासाठी. मेल्पोमिनी या युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते, लोलक बसवलेले कॅमेरे होते, आणि खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. कट्ट्यांची सांगड बसते ती या मुक्कामाशी. म्हणजे साहेब विजयदुर्गला पोचला तेव्हा हेलियम बाटलीत भरून तीन वर्षं होत आली होती.

शोधाचा मान हातचा गेला म्हणून हळहळण्याचं कारण नाही. हेलियमचं खरं मोल पुढे कळलं. तारा म्हणजे पेटती चूल धरली, तर हायड्रोजन हे तिचं सरपण आणि हेलियम ही राख. आपला सूर्य दर सेकंदाला सुमारे 60 कोटी टन हायड्रोजनचं हेलियम करतो. ताऱ्याच्या चेहऱ्यावरून त्याचं वय बहुधा कळत नाही. तारा दोन अब्ज वर्षांचा असो की सहा, वरून तो जवळपास सारखाच दिसतो. पण गाभ्यात राख किती साठली हे कळलं, की चूल केव्हा पेटली ते सांगता येतं. सूर्याच्या पृष्ठभागावर सतत कंपनं चालू असतात. आतल्या हेलियमने ध्वनीचा वेग बदलतो, त्याची खूण या कंपनांत उमटते. त्यावरून काढलेलं सूर्याचं वय अशनींच्या किरणोत्सारावरून आलेल्या 4.57 अब्ज वर्षांशी छान जुळतं.

दूरच्या ताऱ्यांचं असं पोट तपासणं अवघड. तिथे पंगतीचा हिशेब उपयोगी पडतो. तारकागुच्छातले तारे एकाच वेळी पानावर बसलेले असतात. जो तारा वजनाने जास्त, तो हावरट. पान मोठं असूनही सगळ्यांआधी संपवून उठतो. लहान तारे मात्र चवीचवीने अब्जावधी वर्षं जेवत राहतात. कोण उठलं आणि कोण अजून बसलंय हे पाहिलं, की पंगत कधी मांडली ते कळतं. कृत्तिकांमध्ये निळे, तापट तारे अजून पानावर आहेत, म्हणून त्यांचं वय दहा-बारा कोटी वर्षांच्या आसपास. रोहिणीच्या मागे दिसणाऱ्या गुच्छातले निळे केव्हाच उठून गेले, तो साठ-सत्तर कोटींचा. (रोहिणी स्वतः त्या पंगतीतली नाही, ती आपल्या वाटेवर मध्येच उभी आहे.) मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास भाट्याच्या किनाऱ्यावरून दक्षिणेला खाली पाहिलं, तर अंधार चांगला असताना एक पुसट ठिपका दिसतो. तो ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. त्यातले बहुतेक तारे सुमारे 12 अब्ज वर्षांचे आहेत.

याच रत्नागिरीत 1856 साली जन्मलेल्या टिळकांनी 1893च्या ‘ओरायन’ ग्रंथात मृगशीर्षाच्या जागेवरून वेदांचा काळ काढायचा प्रयत्न केला होता. त्यांनी ताऱ्यांवरून माणसाच्या इतिहासाला तारखा लावल्या. त्या तारखांवर वाद झाले, व्हायलाच हवेत. इथे उलट, ताऱ्यांचेच दाखले तपासून आकाशगंगेची बखर लिहायची आहे.

पण आकाशगंगेतले बहुतेक तारे पंगतीतून पांगलेले, एकेकटे. त्यांच्यासाठी खगोलशास्त्रज्ञ नेमका पान आटोपून उठलेला तारा गाठतात. गाभ्यातलं सरपण संपलेलं, पण फुगून राक्षसी तारा व्हायचं अजून बाकी. ही अवस्था फार टिकत नाही, आणि तीत ताऱ्याच्या तेजावरून वय बरंच नेमकं निघतं. मात्र खरं तेज कळायला अंतर कळावं लागतं. भगवती बंदरावरून दिसणारा दिवा जवळच्या होडीचा की लांबच्या जहाजाचा, हे अंतर माहीत असल्याशिवाय कसं सांगणार? ते काम युरोपच्या गाया यानाने केलं. डिसेंबर 2013मध्ये ते निघालं, पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर राहून त्याने जवळपास दोनशे कोटी ताऱ्यांची मोजणी केली आणि जानेवारी 2025मध्ये निरीक्षण थांबवलं. वयासाठी ताऱ्यात धातू किती हेही लागतं, ते चीनच्या लामोस्ट दुर्बिणीने सांगितलं. खगोलशास्त्रात हेलियमहून जड ते सगळं धातू, अगदी प्राणवायूसुद्धा! रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी याकडे कानाडोळा करावा.

माओशेंग शियांग आणि हान्स-वाल्टर रिक्स या खगोलशास्त्रज्ञांनी अशा सुमारे अडीच लाख ताऱ्यांची वयं काढली. त्यावरून दिसलं, की आकाशगंगेची जाड तबकडी 13 अब्ज वर्षांपूर्वीच, म्हणजे महास्फोटानंतर अवघ्या 80 कोटी वर्षांत, घडू लागली होती. 11 अब्ज वर्षांपूर्वी एक छोटी दीर्घिका येऊन आपल्यात विरली, आणि त्याच सुमारास या तबकडीत ताऱ्यांचा जन्म शिगेला पोचला. पाहुणी यायच्या दोन अब्ज वर्षं आधीच घर बांधायला काढलं होतं, असा त्याचा अर्थ. मार्च 2022मध्ये हा निष्कर्ष ज्या ‘नेचर’मध्ये छापून आला, ते नियतकालिक 1869 साली सुरू करून त्याचं पहिलं संपादकपद सांभाळणारा माणूस नॉर्मन लॉकियरच.

ताऱ्यांच्या वयाचा हा धागा थेट महास्फोटापर्यंत जातो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांना महास्फोट मान्य नव्हता. हॉइल आणि बर्बिज या खगोलशास्त्रज्ञांसह 1993मध्ये मांडलेल्या त्यांच्या पर्यायी सिद्धांतात विश्वाच्या आधीच्या आवर्तनातले फार म्हातारे तारे सापडायला हवेत. महास्फोटाच्या 13.8 अब्ज वर्षांहून निःसंशय जुना असा एक तारा दाखवला, तरी प्रश्न निकालात निघेल, ही कसोटी मला त्यांच्या साऱ्या मांडणीत सर्वांत प्रामाणिक वाटते. 20 मे 2025 रोजी ते गेले. तोवर तसा तारा सापडला नव्हता.

कट्टे पाहायला जायचं असेल, तर ऑगस्टात जाऊ नका. त्या दिवसांत कोकणात धड सूर्यही दिसत नाही, तारे तर दूरच. 22 जानेवारीला जा. हवा बरी असते, आणि तारीखही खरी.